ताणाच्या दिवसांतले दोन लाल ट्रॅक्टर

माघ लागला की माझं नाक मला न विचारता करमाडला जाऊन येतं. मी राहते मुकुंदवाडीत, दुसऱ्या मजल्यावर. खाली रिक्षांचा अड्डा, समोर बेकरी, पलीकडे रेल्वेचं छोटं स्टेशन. तरी एखाद्या सकाळी गॅलरीचं दार उघडते आणि मोसंबीच्या फुलांचा वास येतो. आसपास मोसंबीचं झाड औषधालाही नाही. नाकाचं वय झालं असं म्हणून मी चहा ठेवते, पण तो दिवस मग शहरात जात नाही.

ज्यांच्या घरी बागा नाहीत त्यांना मोसंबीचा एक रिवाज फार निष्ठुर वाटेल. मार्गशीर्षात झाडांचं पाणी तोडतात. विहिरीला पाणी असतं, पाट असतो, आणि झाडाला मात्र द्यायचं नाही. पानं मलूल होतात, कडा आत वळतात, थोडी पिवळी पडून गळतात. याला ताण देणं म्हणतात. मग जमीन हलकीशी वखरायची, झाडांना आळी करायची, शेणखत घालायचं आणि एके दिवशी पाणी सोडायचं. पहिलं पाणी बेतानं, ती आंबवणी. दुसरं भरपूर, ती चिंबवणी. त्यानंतर झाड अंगभर फुलतं, तो आंबेबहार. ताण कमी पडला तर नुसता पाला फुटतो, जास्त झाला तर फांद्या वाळतात. ताण कुठं तोडायचा हे ज्याला कळलं त्याला बाग कळली, असं माझे वडील, अण्णा, म्हणायचे. म्हणायचे आणि मग बांधापलीकडे जाऊन हबीबचाचांना विचारून यायचे.

हबीबचाचा आमचे शेजारी. बांधाला बांध, विहिरीला विहीर. दोघंही ॲक्शनच्या सालचे, निजामाचं राज्य गेलं तेव्हाचे. आमच्याकडे त्या पिढीला वय विचारलं तर आकडा सांगत नसत. ‘पोलीस ॲक्शन झाली तवा मी रांगत व्हतो,’ असं म्हणायचे आणि पुढचा हिशोब ऐकणाऱ्यावर सोडायचे. दोघं एका शाळेत, एकाच इयत्तेत नापास झाले आणि एकाच दिवशी शाळा सोडून शेतीला लागले. मोसंबी लावायचं खूळही दोघांच्या डोक्यात बरोबरच शिरलं.

त्या लागवडीची गोष्ट आमच्या भागात अजून सांगतात. ओळींची मापं घ्यायला चाचांनी अंबाडीचा नवा दोर आणला, त्याला गाठी मारल्या, आणि तो विहिरीच्या हौदात पडला. काढला, निथळला आणि तसाच वापरला. अंबाडीचा दोर भिजला की आखडतो. हे शेतकऱ्याच्या पोरांना ठाऊक नसावं हे नवलच, पण उत्साहाच्या भरात माणसाला ठाऊक असलेलंही आठवत नाही. त्या आखडलेल्या दोरानं दोघांनी दोन्ही बागांचे खड्डे आखले. झाडं वाढली तेव्हा ओळी एकमेकींच्या अंगावर आल्या. मोठा ट्रॅक्टर शिरेना. बैल घातले तर त्यांची शिंगं फांद्यांत अडकून फुलाच्या काड्या मोडत. ‘दोघांत मिळून एक दोर, त्योबी आखूड,’ असं म्हणून गाव वर्षभर हसलं.

मग दोघांनी बागेचे छोटे ट्रॅक्टर घेतले. कमरेइतके उंच, लाल, समोरून हँडल मारून सुरू करायचे. एकाच दिवशी, एकाच दुकानातून. जालना रोडनं दोघं एकामागे एक करमाडला आले, आणि त्या दिवशी कोण पुढं होतं यावर पुढची सगळी वर्षं वाद चालला. आमच्या ट्रॅक्टरच्या बॉनेटवर आईनं कुंकवाची बोटं उठवली. चाचांनी त्यांच्या ट्रॅक्टरला हिरव्या गोंड्यांचा आरसा लावला. त्या आरशात मागचं काही दिसत नसे, फक्त चाचांची टोपी दिसे.

दोन्ही जुळे, पण आवाज वेगळा. आमचा एका सुरात घुमायचा. चाचांचा अधूनमधून ठेचकाळायचा, एखादा ठोका गिळायचा आणि पुढं निघायचा. आई चुलीपाशी बसल्या बसल्या सांगायची, ‘हबीबभाई आले. आधण ठेव.’ चाचा चहा घेतल्याशिवाय आमचा बांध ओलांडत नसत, आणि चहा किती गोड हवा हे सांगण्याची गरज आमच्या घरात कुणालाच नव्हती.

मी सांगते आहे ती ताणाची गोष्ट त्याच्या बऱ्याच वर्षांनंतरची. मी नुकतीच शहरातल्या एका शाळेत शिक्षिका म्हणून लागले होते. तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं आणि मुकुंदवाडीत अजून शेतं होती. शनिवारची शाळा सकाळची असायची. दुपारी जालन्याकडची गाडी धरायची, करमाडला उतरायचं आणि घरी चालत जायचं. धाकटा भाऊ सुरेश होस्टेलात होता, त्यामुळे घरचं काही सांगायचं-विचारायचं झालं की अण्णा माझी वाट बघत.

आमच्या ट्रॅक्टरचा क्रँक त्याआधीच्या हंगामात तुटला होता. हा क्रँक म्हणजे इंजिनाचा कणाच. ते ट्रॅक्टर बनवणारा कारखाना तोवर बंद पडला होता. अण्णा जाफर गेटच्या रविवारच्या बाजारात जुन्या लोखंडाचे ढीग उपसून आले, जालन्याला जाऊन आले, कुठंही तसला क्रँक मिळाला नाही. तिकडं चाचांच्या ट्रॅक्टरच्या गिअरचे दात गेले होते. इंजिन ठणठणीत, पण चाक हलेना. दोघं बांधावर बसून आपापल्या लोखंडाच्या तक्रारी सांगायचे.

‘मेरा बोलता, चलता नै. तेरा चलेंगा, बोलता नै,’ चाचा म्हणायचे.

‘मंग दोहींचा एक करू,’ अण्णा म्हणायचे.

‘किसका?’

इथं दोघं हसायचे आणि विषय तंबाखूवर जायचा. दर खेपेला गोष्ट ‘किसका’पाशी येऊन थांबायची. थांबायला हरकत नव्हती, वेळ भरपूर आहे असंच दोघांना वाटत होतं.

दिवाळीनंतर चाचांना कावीळ झाली. आधी झाडपाला, मग घाटी, म्हणजे शहरातला सरकारी दवाखाना, आणि मग त्यांना घरीच आणलं. एवढा मोठा माणूस इतक्या थोड्या दिवसांत संपतो हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. अण्णांनी जनाज्याला खांदा दिला आणि घरी येऊन अंघोळ न करता गोठ्यात जाऊन बसले. आईनं अंघोळीचं पाणी दोनदा तापवलं, दोन्ही वेळा ते गार झालं.

जुबेदाचाची इद्दतीत बसल्या. नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस बाईनं घराबाहेर पडायचं नाही, परक्या पुरुषासमोर यायचं नाही. दाराला जाड पडदा लागला. जुबेदाचाचींना अण्णा परके नव्हते, पण रिवाज तो रिवाज. अण्णा ओट्यावर बसायचे, चाची पडद्याआड, आणि मी मध्ये. खरं तर दोघांना एकमेकांचं सगळं ऐकू यायचं, तरी अण्णा म्हणायचे, ‘शोभे, भाभीला इचार, ज्वारी हाय का?’ आणि चाची म्हणायच्या, ‘बेटा, अण्णाभाई को बोल, हाय.’

चाचींना मूलबाळ नव्हतं. दीर रशीदभाई सिल्लोडला होते, कापसाचा नि मक्याचा व्यापार. माणूस वाईट नव्हता, पण व्यापाऱ्याला उभ्या झाडापेक्षा विकायला रचलेली गंजी लवकर दिसते. ते येऊन सरळच सांगून गेले, ‘भाभी अकेली इथं कशी राहणार? बाग कोण बघणार? आंबेबहार आला तर राहू द्या. नाही आला तर झाडं काढून कपाशी लावतो आणि इद्दत झाली की भाभीला सिल्लोडला नेतो.’ त्यात न पटण्यासारखं काही नव्हतं, म्हणूनच ते टोचलं. चाचींचं घर आता त्या झाडांवरच्या फुलांवर टांगलेलं होतं. आणि झाडं तर ताणात उभी. त्यांचं पाणी तोडून चाचा गेले होते. जमीन वखरल्याशिवाय पाणी सोडता येत नव्हतं, आणि वखरायला त्या अरुंद ओळींत जाईल असं दोन्ही शेतांत काही चालू नव्हतं.

तेव्हा माझ्या मनात एक गोष्ट येऊन गेली, ती मी कुणाला बोलले नाही. बाहेर झाडांचं पाणी तोडलेलं आणि आत चाची पडद्याआड. झाडांचा ताण कधी तोडायचा ते अण्णांना कळत होतं. चाचींचं मात्र कुणालाच काही कळत नव्हतं.

संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन चाचींकडे निघाले तर अण्णा पाठोपाठ आले. खांद्यावर पिशवी, पिशवीत पान्हे. त्यांनी मनाशी सगळं ठरवलं होतं. चाचांच्या ट्रॅक्टरचं इंजिन काढायचं, आपल्या ट्रॅक्टरला बसवायचं आणि दोन्ही बागा वखरायच्या. सरळ हिशोब. ज्याचा मालक गेला तो ट्रॅक्टर खोलायचा, चालवणारा मागं आहे तो जोडायचा. कुणीही असंच केलं असतं.

‘शोभे, भाभीला सांग, इंजिन काढून नेतो. दोन्ही बागांचं काम व्हईल.’

मी सांगायच्या आतच पडदा हलला. आतून काही आलं नाही, नुसता आवाज आला. या वेळी तो माझ्याकडे वळलेला नव्हता.

‘अण्णाभाई, इनका कायकू खोलते?’

अण्णांनी पिशवी ओट्यावर ठेवली.

‘तुमचाबी बंद, यांचाबी बंद. इंजिन इकडून तिकडं न्यायचं तर तुमचा गिअर तिकडून इकडं नाय येत का? खोलने का है तो तुमारा खोलो.’

तिळगूळ माझ्या हातातच राहिला. अण्णांनी ओट्यावरून पिशवी उचलली, परत ठेवली. कुठल्याही बाजूनं केलं तरी काम तेवढंच होतं, दोन्ही ट्रॅक्टरचे मधोमध दोन तुकडे करावेच लागणार होते. हे त्यांना माहीत होतं. फक्त त्यांच्या मनात ते आलं नव्हतं.

चाचींचा आवाज मग खाली आला. ‘दीर येतात, लोक येतात. अंगणात यांचा ट्रॅक्टर उघडून पडलेला दिसला की म्हणतील, घर मोडायला काढलं. मेरेकू इतनाच है दिखाने को. मी आत बसलेली. बाहेर त्योच उभा हाय.’

आम्ही घरी आलो. आईला मी सगळं सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, ‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. लोकाचं पोट फाडायला चालले व्हते ना पान्हे घेऊन? आता आपल्या बाब्याचं फाडा.’

‘तुला काय कळतंय त्यातलं?’

‘मला लोखंडातलं नाय कळत. जुबेदातलं कळतंय.’

अण्णा उठून बाहेर गेले. आमच्या ट्रॅक्टरवर त्यांचा जीव होता. सुरेशला नवा सदरा शिवला नाही अशा दसऱ्यालाही ट्रॅक्टरला रंगाचा हात मिळायचा. त्या संध्याकाळी ते चिंचेखाली त्याच्या सीटवर जाऊन नुसते बसले, बंद ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून. मला वाटलं, आता हे होत नाही. मग त्यांनी खाली उतरून बॉनेटवरचा झेंडूचा जुना हार काढला, घडी करून खिशात ठेवला आणि गंगारामला, आमच्या सालदाराला, गाडी जुंपायला सांगितली. पण दुसरा दिवस शनिवार होता. शनिवारी लोखंड उंबऱ्याबाहेर काढायचं नाही हा अण्णांचा नियम. ताण वाढत होता, पानं गळत होती, आणि आम्ही शनि संपायची वाट बघत बसलो.

रविवारी आमचा ट्रॅक्टर बैलगाडीमागं ओढत चाचींच्या अंगणात नेला. दोन लाल ट्रॅक्टर शेजारी शेजारी उभे राहिले, एकाच्या अंगावर कुंकवाची बोटं, दुसऱ्याच्या आरशात आभाळ. बाभळीच्या वाशांची तिवई करून तिला चेनकुप्पी, जड लोखंड उचलायची साखळी, टांगली. मी आत चाचींजवळ बसले. तिथं मला एक गोष्ट कळली. चाचींनी हा ट्रॅक्टर कधी हातानं चालवला नव्हता, पण कानानं रोज चालवला होता. बाहेर ठणठण झाली की म्हणायच्या, ‘बोल्ट सड़ गया. रॉकेल डालो बोल.’ मग म्हणायच्या, ‘वायसर सुपारी के डब्बे में हैं. इनो उधरच रखते थे.’ मी डबा घेऊन बाहेर जायची. डब्यात वायसर होते आणि तळाला खरंच एक सुपारी होती. ती मी परत आत नेली. चाचींनी ती हातात धरून ठेवली, दुपारभर.

कामाला हात लागला आणि रशीदभाई आले. ते त्या दिवशी बागेचा निकाल लावायला आले होते, बरोबर झाडं तोडणारा माणूसही होता. अंगणात शिरले आणि थांबले. त्यांना वाटलं भावाचा ट्रॅक्टर खोलतायत. जवळ येऊन पाहिलं तर अण्णा स्वतःचा खोलत होते. गिअरपेटी उघडी, अण्णांचे हात कोपरापर्यंत काळे.

‘ये तो तुमचा आहे, अण्णाभाई.’

‘व्हय.’

‘मग?’

‘मंग काय? ती साखळी धरा.’

रशीदभाईंनी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं, बाह्या सारल्या आणि साखळी धरली. झाडं तोडणारा माणूस थोडा वेळ कुऱ्हाडीवर हात ठेवून उभा राहिला, मग त्यानंही कुऱ्हाड भिंतीला लावून पहार उचलली. लोखंड उचलायला माणूस कधीही कमीच पडतो.

आमच्या ट्रॅक्टरमधून निघालेले गिअर चाचांच्या ट्रॅक्टरमध्ये बसले. मला वाटलं झालं. पण अण्णांनी चाचांचे ते दात गेलेले गिअर उचलले, रॉकेलनं धुतले, पुसले, ग्रीस लावलं आणि आमच्या ट्रॅक्टरच्या रिकाम्या पेटीत बसवले. एकेक बोल्ट आवळला, झाकण लावलं.

‘आता ह्ये कशाला?’ गंगाराम म्हणाला. ‘ह्यो तर चालणारच नाय.’

‘जागा रिकामी ठेवू नये,’ अण्णा म्हणाले. ‘उघडं पोट बरं दिसत नाय.’

मग हँडल मारायची वेळ आली. अण्णांनी मारलं, रशीदभाईंनी मारलं, गंगारामनं मारलं. इंजिन खोकायचं आणि गप्प बसायचं. पौषातली थंडी, आणि यंत्र कितीतरी दिवसांचं बंद. अण्णांचा चेहरा उतरला. आपला बाब्या फाडून बसलेल्या माणसाचा चेहरा. तेवढ्यात पडद्याआडून चाची म्हणाल्या, ‘काकडा दाखवा त्याला. सर्दी में ऐसाच करता.’

चिंधी रॉकेलात बुडवून पेटवली, हवा ओढतो त्या तोंडाशी धरली आणि अण्णांनी पुन्हा हँडल मारलं. ट्रॅक्टरनं ज्वाला आत ओढली, एक धक्का दिला आणि बोलायला लागला. घुमला, ठेचकाळला, एक ठोका गिळला आणि पुढं निघाला. चाचांचाच आवाज. अंगणातले सगळे पुरुष एकदम दुसरीकडे बघायला लागले.

आत चाची उठल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला, स्टोव्हपाशी गेल्या, पातेल्यात पाणी ओतलं. मग हातातलं पातेलं तसंच धरून उभ्या राहिल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘देख ना, शोभा. हातांना अजून कुणी सांगितलंच नाही.’ मला रडू आलं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, जणू माझंच कुणी गेलं होतं. बाहेरच्या सगळ्यांना मग त्याच पाण्याचा चहा झाला.

अण्णांनी पहिली बाग चाचींची वखरली. आई म्हणाली होती, निम्मी तिकडं निम्मी इकडं करा, दोन्हीकडच्या झाडांना तहान सारखीच. अण्णांनी ऐकलं नाही. चाचींची बाग पूर्ण झाली, आळी झाली, आंबवणी सुटली, तोवर आमच्या बागेचा ताण हाताबाहेर गेला होता. आमच्या कितीतरी फांद्या त्या वर्षी वाळल्या. आईनं त्या सरपणाला आणल्या आणि वर्षभर चुलीत घालताना अण्णांकडे एकदा बघून घ्यायची.

माघात चाचींची बाग फुलली. पांढरी फुलं, पानांच्याही वर. वास इतका की करमाडच्या स्टेशनावर गाडीतून उतरतानाच कळायचं. त्या वासाला पडदा लागत नाही, तो सरळ चाचींच्या खोलीत जायचा. पण बाग त्यांना दिसत नव्हती, अजून इद्दत होती. अण्णांचा बागेतला कायदा कडक. एक फूल म्हणजे एक फळ. आईला कधी देवाला वाहायला फूल मिळालं नाही, मला कधी केसात माळायला मिळालं नाही. त्या रविवारी अण्णांनी स्वतः एक फुलांनी लगडलेली काडी मोडली आणि माझ्या हातात दिली.

‘भाभीला दे. त्यांना बाहेर येता येत नाय.’

मी पडद्यातून हात आत घातला. आतून काडी अलगद घेतली गेली. रशीदभाई त्या आठवड्यात आले, ओळींमधून शेवटपर्यंत चालत गेले, परत आले. त्यांच्या काळ्या टोपीवर पाकळ्या पडल्या होत्या, त्यांना माहीत नव्हतं. ‘भाभी इथंच राहतील,’ एवढंच म्हणाले. पुढं त्यांनी त्यांचा धाकटा मुलगा, इम्रान, चाचींजवळ राहायला पाठवला. त्याला मोसंबीतलं काही कळत नव्हतं. पण आखूड दोराची गोष्ट त्याला दुसऱ्याच दिवशी कळली.

तेव्हापासून चाचांच्या अंगणातला ट्रॅक्टर दोन्ही बागांत चालला, आणि आमचा चिंचेखाली उभा राहिला. पोटात चाचांचे झिजलेले दात, बाहेरून दर दसऱ्याला रंग. येणारे-जाणारे हसायचे. ‘अण्णा, भंगारात द्या की आता.’ अण्णा म्हणायचे, ‘भरलेला हाय. रिकामा असता तर दिला असता.’ कुणाला काही उमगायचं नाही. पलीकडून चाचांचा आवाज यायचा, मध्येच ठेचकाळत, आणि अण्णा जिथं असतील तिथं क्षणभर थांबायचे. आपला ट्रॅक्टर गप्प करून मित्राचा बोलता ठेवला, याचं त्यांना पुढं कधी वाईट वाटलं का, हे विचारायचं माझं राहूनच गेलं.

अण्णा गेल्या पावसाळ्यात गेले. शेंद्र्याकडून कारखाने सरकत सरकत आमच्या वेशीपर्यंत आले आहेत. बऱ्याच बागा गेल्या, तिथं गोदामं आहेत. आमच्या दोन अजून आहेत, आणि ओळी अजून अरुंदच आहेत. या वर्षी पौषात चाचींच्या ट्रॅक्टरचा पुढचा धुरा, चाकांचा आस, मोडला. ताण चालू होता. इम्रान आणि सुरेश आता दोघंही पन्नाशीकडे झुकलेले. दोघांनी मिळून ठरवलं, अण्णांच्या ट्रॅक्टरचा धुरा काढायचा आणि तिकडं बसवायचा. सरळ हिशोब. मी सुट्टीला गेले होते. सुरेशनं चिंचेखाली जॅक लावला, आणि बांधावरून काठी टेकत चाची आल्या. त्यांची कंबर आता फार वाकली आहे. बांध चढायला त्यांना वेळ लागतो, कुणी हात दिला तर रागावतात.

‘रुको,’ त्या म्हणाल्या. ‘अण्णाभाईका कायकू खोलते?’

सुरेश थांबला. इम्रान म्हणाला, ‘बडी अम्मी, एक धुराच तर काढायचा आहे. पाच बोल्ट.’

‘खोलने का है तो हमारा खोलो. इंजिन काढा, अण्णाभाईंचे गिअर काढा, सगळं इकडं आणा. याला चालू करा.’

‘त्याला दोन दिवस लागतील. आणि मग आपल्या अंगणात बंद ट्रॅक्टर राहील.’

‘राहू दे.’ चाचींनी काठी दुसऱ्या हातात घेतली. आमच्या ओसरीकडे पाहिलं. आई तिथं खाटेवर बसली होती. अण्णा गेल्यापासून ती तिथंच बसते, चिंचेकडे तोंड करून, आणि फार बोलत नाही. कानही मंद झालेत. ‘मैं इतने साल सुनी,’ चाची म्हणाल्या. ‘अब उनो सुनेंगे.’

पोरांनी, म्हणजे त्या दोन पन्नाशीच्या माणसांनी, पुढं वाद घातला नाही. दोन दिवस आमच्या अंगणात लोखंड वाजत राहिलं. चाचांचं इंजिन अण्णांच्या ट्रॅक्टरला बसलं, अण्णांचे गिअर अण्णांच्या पेटीत परत आले. चाचांचे दात गेलेले गिअर सुरेशनं धुतले, पुसले, ग्रीस लावलं आणि चाचांच्या ट्रॅक्टरमध्ये बसवले. त्याला हे कुणी शिकवलं होतं मला माहीत नाही. तेव्हा तर तो होस्टेलात होता.

चाची आईशेजारी खाटेवर बसल्या होत्या. इम्रानला काकडा त्यांनी तिथूनच सांगितला. सुरेशनं हँडल मारलं. इंजिन खोकलं, ज्वाला आत ओढली, आणि कितीतरी वर्षांनी आमच्या चिंचेखाली अण्णांचा लाल ट्रॅक्टर थरथरला. घुमला, ठेचकाळला, एक ठोका गिळला.

आईनं मान वर केली. थोडा वेळ नुसती ऐकत राहिली. मग इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिनं मला हाक मारली, तिच्या जुन्या आवाजात.

‘शोभे, हबीबभाई आले. आधण ठेव.’

चाचींनी तिचा हात हातात घेतला. मी स्वयंपाकघरात गेले आणि पाणी ठेवलं.